अकराची गोळी

“अकरा चालेल,” मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. औषधाच्या दुकानातल्या रांगेत माझा तिसरा नंबर होता. फोनवरची बाई विद्यापीठातून बोलत होती. तुमचा अर्ज पहिल्या चाळणीत टिकलाय, आता आमच्या अधिकारी घरी येऊन परिस्थिती बघतील, उद्या दहा, अकरा की दुपारी साडेतीन, कोणती वेळ सोयीची? आणि मी क्षणभरही न थांबता अकरा म्हणाले होते. बाबांच्या कंपवाताच्या गोळ्यांच्या वेळा आठ, अकरा, दोन, पाच आणि परत आठ. सकाळी आठची गोळी पावणेनऊला लागू पडते आणि साडेदहाला तिचा जोर ओसरतो. दहाला कोणी आलं असतं तर त्याला स्वतःच्या हातांनी बटणं लावलेला, दारात हसत उभा असलेला माणूस दिसला असता. साडेतीनलाही तसाच. अकराला बाबा पलंगाच्या कडेला बसलेले असतात. उजवा हात मांडीवर उडत असतो, चेहरा पुसून टाकल्यासारखा कोरा झालेला असतो आणि आवाज इतका खाली गेलेला असतो की मी कानांपेक्षा त्यांच्या ओठांवरूनच ऐकते. त्यानंतर गोळी घेतली तरी ती लागायला पाऊण तास जातो. येणाऱ्या अधिकारी बाईंना मी नेमका तो पाऊण तास देऊन टाकला होता. “अहो, पुढे सरका की,” मागचा माणूस म्हणाला. मी पुढे सरकले आणि त्याच गोळ्यांच्या दोन पट्ट्या मागितल्या.

अर्ज लिहायला मला तीन आठवडे लागले होते. घरातल्या आजारी माणसाची देखभाल करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्या विद्यापीठात नऊ जागा राखून ठेवल्या होत्या, वसतिगृहासकट. सहा वर्षं मी जे करत होते त्याला असं काही नाव आहे, त्याचा रकाना आहे, हेच मला नवीन होतं. मी त्याला घर म्हणत होते. बारावी होऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी साधा प्रवेश मिळाला होता, पण जाण्याच्या आदल्या आठवड्यात बाबा न्हाणीघरात पडले आणि मी पिशवी उपसून कपडे परत कपाटात लावले. दुसऱ्या वर्षी अर्जच केला नाही. दोन वर्षांहून जास्त खंड चालणार नाही असं नियमात लिहिलं होतं, म्हणजे हे शेवटचं. विषय भूगर्भशास्त्र. दगड कशाला, असं सगळे विचारतात. दगडाला अंघोळ घालावी लागत नाही, असं मी एकदा मैत्रिणीला म्हणाले होते आणि ती हसली नव्हती. अर्जात एक प्रश्न होता: आपल्या रोजच्या दिवसाचे पाचशे शब्दांत वर्णन करा. मी वर्णन केलं. बाबांना कुशीवर कसं वळवायचं ते लिहिलं, त्यांचे मोजे, दाढी, रात्री तीनदा उठणं लिहिलं. अंघोळीचं वाक्य चार वेळा खोडलं आणि पाचव्यांदा ठेवलं, कारण ते वाचून समोरच्याला वाईट वाटेल हे मला कळत होतं. त्याला तसं वाईट वाटावं, हेच मला हवं होतं. लिहून झाल्यावर मी बाबांसमोर जेवायला बसले, त्यांचं ताट सरकू नये म्हणून एका हाताने धरून, आणि मला वाटलं की या माणसाला मी बाजारात मांडून आले आहे आणि तो मला विचारतो आहे की भाजीत मीठ कमी आहे का.

त्यांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. कॉलेजचे लोक घर बघायला येणार आहेत, एवढंच सांगितलं. तुमच्या आजारावर मला जागा मिळणार आहे, हे वाक्य जिभेवर येई आणि तिथेच बसून राही. बाबा सत्तावीस वर्षं लोकांना गाडी शिकवत होते. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर, पायाखाली जास्तीचा ब्रेक असलेल्या छोट्या गाडीत. कितीतरी माणसांनी त्यांच्या शेजारी बसून गाडी फुटपाथवर चढवली असेल, पण बाबा कधी ओरडले नाहीत. ब्रेकवर पाय आहे हे समोरच्याला कळूच द्यायचं नाही, असं म्हणायचे. मी सातवीत असताना आई गेली तेव्हाही ते असेच वागले होते. मला वाटत होतं की घर मी चालवते आहे. नंतर त्यांचा पायच ऐनवेळी उठेना, तेव्हा त्यांनी स्वतःहून ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला चावी परत केली आणि घरी येऊन म्हणाले, “ठकू, गाडी बंद पडली.” ठकू मीच. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला हसू आलं होतं, ते अजून मला खुपतं.

तर त्या संध्याकाळी कॉलेजचे लोक येणार म्हटल्यावर बाबा विचारात पडले. “घर मोकळं दिसलं पाहिजे,” म्हणाले. मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघते तो त्यांचा वॉकर गॅलरीत, वर जुनी चादर टाकलेली. मी तो आणून पलंगाशी ठेवला. बाई आल्या की पहिली नजर त्यावर पडायला हवी होती. सकाळी उठले तर वॉकर परत गॅलरीत. तो तिथवर न्यायला त्यांना किती वेळ लागला असेल, वाटेत कुठे कुठे धरलं असेल, या विचाराने मला आधी धसका बसला आणि मग रागच आला. एरवी पाण्याचा पेला हातात द्यावा लागतो आणि चारचौघांत अब्रू जायची वेळ आली की अंगात येतं! मी वॉकर पुन्हा आत आणला. बाबांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि पेपर उघडला. आम्ही दोघं त्या सकाळी एकमेकांशी फार गोड बोलत होतो.

गोळ्यांची पेटी माझ्या ताब्यात असते. सात ओळी, प्रत्येक ओळीत पाच खण. दर रविवारी मी ती भरते. आठची गोळी मी त्यांना दिली. मग दहा वाजता, ते पलंगावर टेकलेले असताना, मी त्या दिवसाचा दुसरा खण उघडला आणि अकराची गोळी कुर्त्याच्या खिशात टाकली. वेळ साधून मी बाईंना बोलावलं होतं, पण बाई उशिरा आल्या तर? साडेअकराला आल्या, तोवर गोळी लागू लागली, तर? गोळी त्या गेल्यावर द्यायची, तासाभराने काय बिघडतं, असं मी स्वतःला समजावलं. काय बिघडतं ते मला पाठ होतं. पोटऱ्या दगडासारख्या होतात, पायाची बोटं आत वळतात आणि बाबा दात आवळून छताकडे बघत राहतात; ओरडत नाहीत. मी हे सगळं माहीत असून गोळी खिशात टाकली आणि कागदपत्रांच्या प्रती काढायला खाली गेले. येताना बिस्किटं घेतली. दुकानदाराने विचारलं, पाहुणे का? मी हो म्हणाले आणि माझे कान तापले.

परत आले तेव्हा साडेदहा झाले होते. वॉकर गॅलरीत होता. बाबा अजून पलंगावरच होते, हात उडत होता, आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. मी वॉकर आत आणला नाही. आता वॉकर कशाला, माणूसच समोर आहे, असं मनात आलं. अकरा वाजले. बाई आल्या नाहीत. मी घड्याळाकडे बघत होते आणि बाबाही घड्याळाकडे बघत होते, आणि ते का बघताहेत हे मी स्वतःला विचारलं नाही. सव्वाअकराला ते म्हणाले, “तो निळा शर्ट दे,” आणि आवाज स्वच्छ होता. मी शर्ट दिला. त्यांनी बाही घातली, दुसरी बाही घातली, आणि वरपासून खालपर्यंत सहा बटणं माझ्यासमोर लावली. गोळी तर माझ्या खिशात होती. मी वरून चाचपून पाहिली, होती. तेवढ्यात बेल वाजली आणि बाबा उठून दार उघडायला गेले.

पडताळणीच्या बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, जिने चढून आल्यामुळे धापा टाकत होत्या. लिफ्ट मधेच अडकली होती, म्हणून उशीर. “या, बसा, पंखा वाढवतो,” बाबांनी म्हटलं आणि वाढवला. मला पाणी आणायला सांगितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन आधी पेटी उघडली. अकराचा खण रिकामा, तो मीच केलेला. दोनची होती, पाचची होती. रात्री आठचा खण रिकामा होता. मी खाली गेले तेवढ्यात त्यांनी रात्रीची गोळी घेतली होती. ती आता छान लागली होती, आणि बाहेर बाबांचा आवाज येत होता, “छे हो, मला काय धाड भरलीय. थोडा कंप आहे, वयाचा.” त्रेपन्नाव्या वर्षी वयाचा! मी पाणी घेऊन गेले तर ते बाईंना गाडी मागे घेताना आरसा कसा बघायचा ते सांगत होते आणि बाई हसत होत्या. मी सहा वर्षं ज्यांना उचलते आहे त्या माणसाची मला त्या क्षणी भयंकर चीड आली. आणि ते किती देखणे दिसत होते, याने भरूनही आलं. दोन्ही एकदमच.

“घरातलं कोण करतं?” बाईंनी विचारलं. प्रश्न मला होता, पण बाबा म्हणाले, “मीच. हिला कुठे काय येतं? चहा टाकला तर पातेलं जाळते. दिवसभर पुस्तकं.” बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मला त्या कागदावर माझे पाचशे शब्द दिसत होते, समासात पेन्सिलीच्या खुणा केलेले. “यात लिहिलंय की अंघोळ...” बाई सुरुवात करून थांबल्या. बाबांचा चेहरा हसराच होता. मी म्हणायला हवं होतं, हो, मी घालते. एवढंच. तीन शब्द. बाबा माझ्याकडे बघत होते, मोकळ्या, हालत्या, बऱ्या चेहऱ्याने, जसा तो मी लहान असताना होता, आणि मी म्हणाले, “कधीतरी. ताप वगैरे आला तर.” बाईंनी तेही लिहिलं. सहीचा कागद फिरला. बाबांनी सही केली. बाई चष्मा काढायला लागल्या तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती. त्या उठणार होत्या. मी भराभर मनात मोजलं. रात्रीची गोळी सव्वादहाला घेतली असेल, तर अकराच्या सुमारास लागली. चांगल्या दिवशी पावणेदोन तास पुरते. पण धास्ती असली की सव्वा तासाच्या आत उतरते, आणि आज धास्ती होती, मला दिसत होती, त्यांच्या मानेवर घाम होता. वीस मिनिटं. बाईंना फक्त वीस मिनिटं बसवायचं होतं.

“चहा तरी घ्या,” मी म्हणाले. “अगं, त्यांना उशीर होतोय,” बाबा म्हणाले. “जिने चढून आल्यात, असं कसं पाठवायचं?” “गार पाणी झालंय की.” बाई आमच्याकडे आळीपाळीने बघून म्हणाल्या, अर्धा कप चालेल. मी आयुष्यात इतक्या मंद आचेवर चहा केला नसेल. कपबशा दोनदा धुतल्या. बाहेर आले तर बाबांनी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. अंगठा सुरू झाला होता. मी चहा ठेवला आणि दहावीची गुणपत्रिका काढली, मग बारावीची, मग शाळेत मिळालेलं चित्रकलेचं प्रमाणपत्र, ज्याचा भूगर्भशास्त्राशी कुणाच्या बापाचा संबंध नव्हता. बाबांचं हसू ओठांवर तसंच राहिलं होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं. मी माझ्या बापाच्या अंगातून औषध उतरण्याची वाट बघत बसले होते, बिस्किटांची बशी पुढे करत. त्या वीस मिनिटांत मी जे झाले होते ते मला आवडलं नाही, आणि तरी मी अजून एक प्रमाणपत्र शोधत होते. बाबांनी एकदम म्हटलं, “मॅडम, तुम्ही निघा, ही तुम्हाला संध्याकाळपर्यंत सोडायची नाही.” बाई हसून उठल्या. बाबाही उठले. पहिल्याच झटक्यात उठले, कसे कोण जाणे.

ते बाईंना पोचवायला दारापर्यंत गेले. बाई चपला घालून, आता सुरू झालेल्या लिफ्टकडे वळल्या, बटण दाबून आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि बाबा उंबरठ्याशी चौकटीला हात लावून थांबले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, यजमान आहे, पाहुण्यांची लिफ्ट येईपर्यंत उभा आहे. मला कळलं की पाय चिकटले. दारात, अरुंद जागेत त्यांचं असं होतं. पाय जमिनीला खिळतात, ना पुढे ना मागे, आणि कोणी ओढलं तर ते तोंडावर पडतात. त्याला इलाज एकच आहे. मी माझं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवायचं. ते ओलांडायला म्हणून त्यांचा पाय उचलला जातो. असं का होतं ते डॉक्टरलाही धड सांगता आलं नव्हतं. मी पुढे झाले.

“पाय घालू नकोस,” ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. “जाऊ दे त्यांना.”

“बाबा, पडाल.”

“पडत नाही. तू गोळी लपवलीस ना? खण रिकामा होता, पाहिलं मी. म्हणून रात्रीची घेतली.” त्यांचा चेहरा आता कोरा व्हायला लागला होता, शब्द एकेक करून येत होते. “मी आजारी दिसलो की ते नाही म्हणतील, म्हणजे तुला जावं लागणार नाही. तुला मला सोडवत नाही, कळतं मला. पण मी तुला पाठवणार.”

चौकटीला टेकलेली त्यांची बोटं लाकडावर टकटक वाजत होती. ज्या मुलीबद्दल ते बोलत होते तिला मी ओळखत नव्हते. तिच्याबद्दल त्यांना वाटत होतं ते खरं असतं तर किती बरं झालं असतं. गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं, बाई गेल्या असत्या, जागा गेली असती आणि मी जन्मभर चांगली मुलगी ठरले असते. लिफ्ट घरघरत वर येत होती.

“उलटं आहे, बाबा,” मी म्हणाले. “जागा आजारी माणसाच्या मुलीसाठीच आहे. तुम्ही आजारी दिसलात तरच मिळते. मी जाण्यासाठी गोळी लपवली.”

त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटण्याची वेळ निघून गेली होती, त्यामुळे त्यांना किती लागलं ते मला दिसलं नाही, आणि दिसलं नाही याचं मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, “आधी नाही का सांगायचं, गाढवे. मी पडून दाखवलं असतं.” आणि त्यांनी हाक मारली, “मॅडम.” ती माझ्यापर्यंतसुद्धा नीट आली नाही. लिफ्टचं दार उघडलं. “तू ओरड,” ते म्हणाले, “माझा आवाज पोचत नाही. ओरड ना!”

“मॅडम, थांबा,” मी ओरडले. “माझ्या वडिलांना इथून हलता येत नाही!” जिन्यात ते वरपासून खालपर्यंत घुमलं. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी दार उघडल्याचा आवाज आला.

बाई परत आल्या. काय झालं, काय झालं, असं त्या म्हणत होत्या आणि बाबांना धरायला हात पुढे करत होत्या. “धरू नका,” बाबा म्हणाले, “बघा फक्त.” मग मला म्हणाले, “हं. घाल पाय.” मी पाऊल आडवं ठेवलं. त्यांनी गुडघा उचलला, माझ्या पावलावरून पाय टाकला, मी दुसरं ठेवलं, त्यांनी तेही ओलांडलं. असे आम्ही बाईंच्या देखत दारापासून पलंगापर्यंत आलो, अकरा-बारा पावलं, किती वेळ गेला देव जाणे. मी त्यांना बसवलं, पाय वर घेतले, वळलेली बोटं सरळ करून दाबून धरली. लाज वाटायला हवी होती, पण हात कामाला लागले की मला काही वाटत नाही. बाई उभ्याच होत्या. त्यांनी आधीच्या कागदावर मोठी फुली मारली आणि नवीन कागद काढला. “गोळी?” त्यांनी विचारलं. मी खिशातून काढून बाबांना दिली, पाणी दिलं. गोळी खिशात कशी, हे त्यांनी विचारलं नाही. एवढी वर्षं लोकांची घरं बघणाऱ्या बाईला ते विचारावं लागलं नसेल. पाच मिनिटं त्या लिहीत होत्या. मग म्हणाल्या, “शेवटचा रकाना. तुम्ही गेल्यावर यांचं कोण करणार? इथे नाव लागतं. नाव नसेल तर अर्ज पुढे जात नाही.”

हा प्रश्न अर्जातही होता. मी तो सर्वांत शेवटी भरू म्हणून कोरा सोडला होता आणि तसाच पाठवला होता. बाबांची बोटं माझ्या मुठीत होती. “आत्या,” मी म्हणाले. “माझी आत्या येऊन राहणार आहे.” आत्याला मी वर्षभरात फोनही केला नव्हता. तिचे स्वतःचे गुडघे गेलेत, तिलाच उठताना आधार लागतो. बाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, ती आपोआप हलते तशी नाही, मुद्दाम. “हो,” ते म्हणाले, “बोलणं झालंय आमचं. पुढच्या महिन्यात येतेय.” त्या सकाळी पहिल्यांदाच आम्ही दोघं एका बाजूने खोटं बोललो. बाईंनी नाव विचारलं, नातं लिहिलं, सही घेतली. बाबांची सही या वेळी मुंगीएवढी आली.

बाई गेल्या. मी दार लावून येऊन त्यांच्या पायाशी बसले. बाबा छताकडे बघत होते. इतक्या बारीक आवाजात की मला ओठांकडे बघावं लागलं, ते म्हणाले, “ती काही यायची नाही. पण ती आली नाही तरी तू जायचंस. जाशील ना?”

“हो,” मी म्हणाले. काल फोनवर ‘अकरा’ म्हणाले होते तितक्याच लगेच ते माझ्या तोंडून गेलं, आणि मी उठून पेटीतल्या रात्री आठच्या रिकाम्या खणात नव्या पट्टीतली गोळी टाकायला गेले.